अळू कच्चंच खायचं असतं

निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी पाला खाऊ लागलो.

त्याआधी चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढले आणि घरी शिजवलेलं अन्न खाल्लं. दोन्हींबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण निवृत्तीनंतर हातात मोबाईल आला आणि त्यातल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी मला सांगितलं, की अन्नाला विस्तव लागला की त्यातला प्राण जातो. झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या कर्वेनगरच्या घरात प्राण वाचवण्याचं काम सुरू झालं.

कच्चं केळफूल खाल्लं (जीभ दोन दिवस टाळूला चिकटून होती). शेवग्याचा पाला चावला. दुर्वांचा रस सुरू केला आणि त्या दुर्वांसाठी रोज सकाळी सहा वाजता मी सोसायटीच्या बागेत गुडघे-कोपरे टेकून फिरू लागलो. आठवड्याभरात बागेत नवी पाटी लागली : 'हिरवळ शोभेसाठी आहे. आहारासाठी नाही. – सचिव.' बायको एवढंच म्हणाली, "अहो, गणपतीला तरी ठेवा थोड्या."

आमच्या या सुनंदाबाई वाद घालत नाहीत. मी रोज सकाळी तिच्यासमोरही एक पेला ठेवायचो. पाच मिनिटांनी पेला रिकामा दिसायचा.

"प्यायलीस?"

"संपला की."

मला केवढं समाधान वाटायचं! तिचा चेहराही अलीकडे तजेलदार दिसतो, असं मी तिला सांगायचो. ती "असेल बाई" म्हणून पोळ्या लाटायला वळायची.

आता सुनंदाच्या गाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. लग्नाआधी ती गाणं शिकत होती. मी तिला बघायला गेलो तेव्हा ती गायलीही होती, पण माझं लक्ष पोह्यांत होतं. लग्नानंतर ती एकतीस वर्षं फक्त ओट्यापाशी गायली, तीही कुकरच्या शिट्ट्या आणि माझी बडबड यांच्यामध्ये जी जागा उरेल तेवढ्यात. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःहून नारायण पेठेतल्या एका बाईंचा क्लास लावला. बाई कडक. 'बरं' हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. आणि यंदा बाईंच्या शिष्यांच्या वार्षिक कार्यक्रमात सुनंदाला एकटीने गायला सांगितलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर, माइकसमोर, एकटी. महिनाभर ती भाजी निवडताना ताना घेत होती आणि मध्येच थांबून, "जमेल ना हो मला?" असं विचारत होती.

"जमेल म्हणजे काय! मी आहे ना," असं मी म्हणायचो. (हे ऐकून तिला धीर यायचा की उलट, हे मी कधी विचारलं नाही.)

मी होतो म्हणजे काय, तर निवेदक होतो. ठरलेला निवेदक आजारी पडला, आणि बाईंनी "आहे का कुणी मोकळं?" एवढंच विचारलं, तर मी हात वर केला. मी अठरा पानांचं निवेदन लिहिलं. त्यातली चार पानं एकट्या सुनंदावर होती आणि त्यांची सुरुवात आमच्या साखरपुड्यापासून होती.

एवढं बोलायचं आणि तिने गायचं, म्हणजे दोन गळ्यांची काळजी आली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी टेकडीवर फिरायला गेलो असताना हा प्रश्न पासलकरांसमोर मांडला. पासलकर माझे टेकडीवरचे सोबती. मूळचे मुळशीकडच्या डोंगरातले, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

"गळ्याला?" पासलकर म्हणाले. "अळू खावा की! आमची आय द्यायची. गळा कसा खुटखुटीत होतो."

"अळू? शिजवून?"

"छ्या! शिजवायचं कशाला? अळू कच्चंच खायचं असतंय. तसंच तोंडात टाकायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. शिजवायचं कशाला! हा माणूस दाढी न वाढवता तिथे पोचला होता. माझा आणि अळूचा संबंध तोवर फक्त लग्नाच्या पंगतीत, द्रोणातून आलेला. सुनंदा अळूच्या भाजीत चिंच घालते हे मला ठाऊक होतं, पण ती चवीला, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याकडे गेलो.

"अळू द्या."

"वडीचं का भाजीचं?"

"जे जास्त गुणकारी असेल ते."

भाजीवाल्याने माझ्याकडे वर ते खाली पाहिलं आणि दोन्ही दिलं.

दुपारी एक वाजता मी दोन्ही जुड्या मिक्सरमधून काढल्या. लिंबू पिळलं नाही, मीठ घातलं नाही, कारण औषधात भेसळ नको. हिरवागार, दाट रस झाला. अर्धा सुनंदाच्या थर्मासमध्ये भरला आणि अर्धा माझ्यासाठी ठेवला. ती तालमीसाठी दोनलाच निघणार होती, कार्यक्रम पाचला.

"हे काय आता?" ती थर्मास हुंगून म्हणाली.

"गळ्याचं औषध. आत्ता नाही घ्यायचं. अगदी गाण्याआधी चार घोट. शपथ आहे माझी!"

"बरं," म्हणून ती गेली. काठपदराची साडी, केसांत गजरा. दारातून वळून तिने पुन्हा विचारलं, "जमेल ना हो?"

चार वाजता मी निवेदनाची शेवटची उजळणी केली आणि माझा पेला तोंडाला लावला. पहिल्या घोटाला काहीच झालं नाही. दुसऱ्याला जिभेच्या टोकाशी थोडी चुणचुण झाली. तिसऱ्याला घशात कुणीतरी टाचण्यांची अख्खी डबी उपडी केली. शहाण्या माणसाने इथे पेला खाली ठेवला असता. मी विचार केला, अरे वा, गुण यायला लागला! आणि उरलेला रस एका दमात संपवला.

पाच मिनिटांत मी बेसिनपाशी उभा राहून जीभ टॉवेलने पुसत होतो. ओठ सुजून असे झाले, की आरशात दुसराच कुणी रागावलेला गृहस्थ दिसायला लागला. 'रसिकहो, नमस्कार' म्हणून पाहिलं, तर "घ्घ्या घ्घ्या" एवढाच आवाज निघाला.

मी पासलकरांना फोन लावला.

"घ्या... घ्या..."

"काय घेऊ?" पासलकर म्हणाले.

"घ्या... घ्या!"

"आवो, पण काय घेऊ? आन् कोन बोलतंय?"

फोन ठेवून मी मेसेज लिहिला : 'अळू कच्चं प्यायलो. घसा गेला.' उत्तरादाखल त्यांनी एक फोटो पाठवला. त्यात टोपलीभर गोल, तपकिरी, चिकूसारखी फळं होती. खाली लिहिलं होतं, 'हे अळू. रानातलं फळ. पिकलं की न शिजवता खायचं. तुम्ही काय प्यायलात?'

मी लिहिलं, 'पानं.'

पासलकर बराच वेळ काहीतरी लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. शेवटी दोनच शब्द आले : 'वहिनी पण?'

थर्मास! चार घोट! शपथ! मी सुनंदाला मेसेजवर मेसेज पाठवले, पण बाईंच्या क्लासचा नियम असा, की तालमीआधी सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका कापडी पिशवीत जमा. त्या पिशवीला कुलूप नसतं, पण बाई असतात.

निवेदनाचे कागद उचलून मी तसाच खाली धावलो आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला सांगणार कसं? एका कागदाच्या मागे लिहिलं, 'नारायण पेठ. लवकर. बायको पिईल.'

रिक्षावाला पंचविशीतला. त्याने कागद वाचला, माझे ओठ पाहिले आणि एकदम गंभीर झाला. "काका, बसा. घरोघरी असतं हो हे. सुटते सवय. आमच्या मामांची सुटली."

मी जोरजोरात मान हलवली. कानाशी हात नेऊन, दुसरा हात हवेत फिरवून गाण्याची खूण केली.

"कानपण दुखतोय? आधी दवाखान्यात जाऊ!"

त्याला दवाखान्यापासून परावृत्त करण्यात निवेदनाची सहा पानं खर्ची पडली. वाटेत गर्दी अशी, की रिक्षा गोगलगायीने ओव्हरटेक केली असती. मागे बसून मी गणपतीची क्षमा मागत होतो. दुर्वांच्या बाबतीत आमचे संबंध थोडे बिघडले होते, पण त्या दिवशी मी सगळं कबूल केलं. देवा, मला आठवडाभर खाजव, महिनाभर खाजव, पण तिचा गळा सांभाळ. एकतीस वर्षं थांबली आहे ती.

सभागृहाशी पोचलो तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती, आणि बाईंचा कार्यक्रम पाच म्हणजे पाचला सुरू होतो. रिक्षावाला मला दंडाला धरून जिना चढला. दार ढकललं, तर सुनंदा स्टेजवर! कार्यक्रमात सुनंदा शेवटी गाणार होती, पण निवेदक आला नाही हे पाहून बाईंनी तिला पहिलीच बसवली होती. (नंतर कळलं, की निवेदक यायच्या आत गाणं उरकावं, अशी विनंती सुनंदानेच केली होती. त्या चार पानांचा सुगावा तिला लागला होता.) तंबोरा लागला होता. सुनंदाने थर्मासचं झाकण उघडलं होतं. थर्मास ओठांकडे निघाला होता.

"घ्घ्या!" असं ओरडत मी मधल्या वाटेने धावलो, स्टेजवर चढलो आणि तिच्या हातातून थर्मास हिसकावला.

आता हे विष ओतायचं कुठे? उजवीकडे तबला. डावीकडे बाई आणि त्यांची रेशमी साडी. समोर गालिचा, आणि त्यापुढे पहिल्या रांगेतले निमंत्रित. मोकळं भांडं असं एकच होतं, ते म्हणजे मी! सुनंदाकडे एकदा डोळे भरून पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि अख्खा थर्मास घटाघटा घशाखाली रिता केला.

कोमट, गोडसर पाणी होतं.

माझा जळता घसा एकदम निवाला. मी थर्मासकडे पाहिलं, मग सुनंदाकडे.

"अहो," ती माइक बाजूला करून हळूच म्हणाली, "ते माझं ज्येष्ठमधाचं पाणी होतं."

मी हातांनी विचारलं, मग माझा रस?

"नेहमीच्या जागी."

मी भुवया उंचावल्या.

"बेसिनमध्ये. पहिल्या दिवसापासून."

मी प्यायलीस का विचारायचो आणि ती संपला म्हणायची. सात महिने! मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांसमोर तिला हात जोडले. लोकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून रिक्षावाल्याचा आवाज आला, "सुटली, सुटली!"

बाईंनी फक्त मान कलती करून खालच्या खुर्चीकडे पाहिलं. मी जाऊन बसलो. रिक्षावाला शेजारी बसला.

आणि सुनंदा गायली.

पहिला स्वर जरा थरथरला. मग ती हसली आणि थरथर गेली. मी एरवी गाणं ऐकताना शेजारच्याला गाणं समजावून सांगत असतो. त्या दिवशी तोंडाला आपोआप कुलूप होतं, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा मी तिचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकलं. हे सगळं आमच्या घरात होतं? ओट्यापाशी? तिथे मी इतकी वर्षं चहा झाला का, एवढंच विचारत होतो. माझे डोळे वाहत होते. रिक्षावाल्याने मला रुमाल दिला आणि स्वतः बाहीने डोळे पुसले. गाणं संपल्यावर बाई माइकवरून म्हणाल्या, "बरं." सभागृहात शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाकीचे आपापली नावं स्वतःच सांगून गायले. कार्यक्रम पाऊण तास लवकर संपला. एका डॉक्टर श्रोत्यांनी माझा घसा तपासला, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले आणि काय खाल्लं ते ऐकून पुन्हा तपासला. त्या दिवशी मी सगळ्यांचाच ऋणी होतो : डॉक्टरांचा, रिक्षावाल्याचा, पासलकरांचा आणि घरच्या बेसिनचाही.

निघताना बाई मुद्दाम माझ्यापाशी आल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच थांबवलं.

"यंदाचं निवेदन सगळ्यांना फार आवडलं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही तुम्हीच करा. असंच."

दोन वर्षांत बाईंनी एवढी स्तुती कुणाचीच केली नव्हती, असं सुनंदा सांगते. मी मनापासून "हो" म्हणालो. निदान तसा आवाज तरी काढला.