दर अमावस्येनंतर वाजणारी अँबेसेडर

तिसऱ्यांदा तीच अँबेसेडर राजापेठेतल्या माझ्या गॅरेजात शिरली, तेव्हा समोरच्या ट्यूशनच्या पोरांनीसुद्धा तिला आवाजावरून ओळखलं असावं. कर्र, कटक. ब्रेकर आला की पुन्हा कर्र, कटक. पुढच्या सस्पेन्शनचे सगळे बुश मी वर्षाच्या आत दोनदा बदलले होते. हा माल निदान पाच-सहा वर्षं मुकाट बसतो. इथं दोन्ही सेट पाच-पाच महिन्यांत गेले.

बुश म्हणजे काय ते सांगतो. ज्या लोखंडी दांड्यांवर चाक वरखाली होतं, त्या दांड्या गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडतात तिथं मध्ये रबराची जाड बांगडी असते. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. ती गेली की गाडी वाजते, स्टिअरिंग भटकतं, टायर एका बाजूनं झिजतो. काम अवघड नाही. फक्त जुना बुश शिव्या दिल्याशिवाय बाहेर येत नाही.

गाडी हिवरखेडची. मालक किसनराव, वय अठ्ठ्याहत्तर, फुलशेतीवाले. याच गाडीच्या डिक्कीतून त्यांनी जन्मभर झेंडू अकोल्याच्या बाजारात नेला. आता गाडी त्यांचा मुलगा विलास चालवतो. तो उतरला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"काका, ह्या खेपेले वाजली तं मी भंगारवाल्याले देऊन राहिलो. बाबाची समजूत मी काढतो."

अकोल्यातल्या मिस्त्र्यांनी हात वर केले म्हणून ही गाडी एवढ्या लांब माझ्याकडे यायची. आणि माझ्याच हातून ती भंगारात जाणार होती. मला राग आला. राग आला की मी तो आधी दुसऱ्यावर काढतो. पहिला सेट गेला तेव्हा मी पार्टवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं, डुप्लिकेट माल विकतोस म्हणून. दुसरा सेट वेगळ्या दुकानातून आणला, तर तोही गेला. मग संशय घ्यायला मीच उरलो.

या कामात एक ठरलेली चूक होते. गाडी जॅकवर असते, चाकं लोंबकळत असतात आणि तशातच बोल्ट करकचून आवळतात. गाडी खाली टेकली की रबर पिळलं जातं, ते कायमचं. बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर. हे मी चाळीस वर्षं लोकांना ऐकवतो. त्या दिवशी मात्र, मी स्वतः तसंच केलं होतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येईना.

बुश काढला. पिळलेलं रबर फाटतं. हे फाटलं नव्हतं, फुगून जास्त उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ झालं होतं. आणि पिवळं. मी वास घेतला. डिझेल होतं, आणि डिझेलच्या आडून तूप. चांगलं घरचं तूप.

आवाज नेमका कधी वाढतो, असं विलासला विचारलं. त्यानं आधी गॅरेजात दुसरं कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, दर अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी. त्याच्या आईनं त्यावर बंदोबस्तही केला होता. बंपरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली लटकत होती ती त्याचसाठी. मी त्याला म्हटलं, तुपात डिझेल कालवणारं भूत मी तरी ऐकलं नाही, उद्या बाबांना घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं आले. किसनरावांनी मला नमस्कार करण्याआधी बॉनेटवर थोपटलं. मी बुश पुढे केला. लपवणं राहिलं बाजूला, त्यांची छाती फुगली.

"ते मीच लावतो न मिस्त्री. खांदशेकणी."

पोळा अमावस्येला येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून निबर झालेल्या खांद्यांना गरम तूप आणि हळद चोळतात. किसनरावांची शेवटची जोडी आदल्या वर्षी गेली आणि गोठ्यात ही गाडी उभी राहू लागली. पोळा आला, हात रिकामे. म्हणून ते गाडीखाली सरकले आणि तिचे सांधे शेकून आले. मग त्यांच्या मनात आलं, ही तर बैलापेक्षा जास्त राबते, हिला वर्षातून एकदा कसं पुरेल? तेव्हापासून दर अमावस्येच्या आदल्या दिवशी, विलास बाजारात गेला की शेकणी. तूप आत मुरावं म्हणून त्यात थोडं डिझेल.

मी सांगितलं, रबराला तूप चालत नाही आणि डिझेल तर अजिबात नाही. रबर फुगतं आणि सडतं. त्यांनी बुश हातात घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला.

"म्हणजे मीच मारून राहिलो होतो तिले?"

गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायला मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. त्या वेळी मात्र मी तो बुश त्यांच्या हातातून घेऊन फडक्यात गुंडाळला. वाईट वाटलं. विलासनं तेवढ्यात फर्मान काढलं की बाबांनी यापुढे गाडीला हात लावायचा नाही. म्हातारा निमूटपणे हो म्हणाला. तो होकार ऐकूनच मला कळलं, येत्या अमावस्येला हा पुन्हा गाडीखाली असणार.

मी त्यांना खाली वाकवून पुढची चाकं दाखवली. जुन्या अँबेसेडरला तिथं ग्रीस निपल असतात, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडं. त्यांना नेमानं ग्रीस द्यावंच लागतं आणि हल्ली कोणी देत नाही. मी निपल पिवळ्या रंगानं रंगवले, बुशांशेजारी लाल फुल्या मारल्या आणि ग्रीसगन किसनरावांच्या हातात ठेवली.

"पिवळं दिसन तिथं शेकायचं. लालले हात नाही लावायचा."

"अन् तूप?"

"तूप तुमी खा."

नवे बुश बसवले. चाकं जमिनीवर टेकवून बोल्ट आवळले, दोनदा तपासले. मग पार्टवाल्याकडे जाऊन त्याच्या गिऱ्हाइकांसमोर माफी मागितली. ऐकू आलं नाही म्हणत त्यानं ती दुसऱ्यांदा मागायला लावली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विलासचा फोन आला. गाडी वाजत नव्हती. भंगारवाल्याला त्यानं नाही म्हणून कळवलं होतं. मग म्हणाला, "बाबाचा हात थरथरते, काका. गन मीच दाबली. ते बाजूले बसून सांगत होते, अजून थोडं, अजून थोडं."

आठ महिने झाले, गाडी गप्प आहे. तेव्हापासून मी कुठल्याही म्हाताऱ्या मालकाला 'गाडीला हात लावू नका' असं सांगत नाही. तो लावतोच. कुठं लावायचा तेवढं रंग मारून दाखवतो.