टेमघरचा दीड फुटी वाफा

"दोन रांगा लाव," शेठ म्हणाले.

"एकच बसेल," मी म्हणालो.

"मग दीड."

इतकी वर्षं नर्सरी चालवतोय, पण दीड रांग कशी लावतात ते मला आजही ठाऊक नाही. वाफा दीड फूट रुंद, तीस फूट लांब. एका बाजूला शेठच्या टेमघरमधल्या नव्या बंगल्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची. कंपाउंडपलीकडे धाकट्या भावाचा बंगला. दोघांचं बोलणं बंद. कशावरून, ते मी विचारलं नाही. शेठना एवढंच हवं होतं, की आपल्या घरात काय शिजतं ते भावजयीला तिच्या किचनमधून दिसू नये. त्यासाठी आठ फूट उंच हेज, म्हणजे झाडांचं दाट कुंपण.

मी ऐकून घेत होतो, कारण वज्रेश्वरी रोडला शेठचं गोडाऊन पार्क उभं राहत होतं. ही हेज पसंत पडली, की तिथली सगळी झाडं माझी. मी हातगाडीवर तुळशी विकून वर आलेला माणूस. असं काम रोज चालून येत नाही.

आधी बांबू सुचवला. शेठची आई ओट्यावर बसली होती. "मना अजून जायाचं न्हाय," ती म्हणाली. बांबू गेला. मग बोगनवेल. "काट्यानं घरात भांडनं व्हतात." भांडण भिंतीपलीकडे राहतच होतं, पण मी जीभ चावली. मग कामिनी. पसारा कमी, कापून एक फुटात ठेवता येते.

"कामिनीच्या वासाला साप येतात," शेठ म्हणाले.

"नर्सरीत मी कामिनीच्या रांगेत खाट टाकून झोपतो. मला कधी चावला नाही."

"तुला चावून साप जगंल का?" म्हातारी म्हणाली, आणि कामिनी पास झाली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून रोपं उतरवली, खोदायला लागलो. फूटभर खाली कुदळ काँक्रीटवर आपटली. कंपाउंडचा पाया, ज्याला आम्ही फुटिंग म्हणतो, तो भिंतीपेक्षा रुंद असतो. वरून दीड फूट, खालून माती जेमतेम नऊ इंच. मुळं जाणार कुठे?

आवाज ऐकून भिंतीवर धाकट्याचं डोकं उगवलं. "नर्सरीवाले, त्याला सांगा, पायाला हात लावायचा न्हाय."

"त्याला सांग, भिंत माझी पन हाय," शेठ म्हणाले.

दोघांत हातभर अंतर. मी मध्ये उभा राहून एकाचं मराठी दुसऱ्याला मराठीतच सांगत होतो.

"आनि त्याला सांगा," धाकटा म्हणाला, "माझ्या बाजूला पन हेज लागंल. त्याच्यापेक्षा एक फूट उंच."

पलीकडे जाऊन मोजलं. तिथेही दीड फूट, तिथेही खाली नऊ इंच. माझं डोकं फिरलं.

"नऊ-नऊ इंच मातीत तुम्हाला माडाएवढी झाडं पाहिजेत! ही भिंतच पाडा ना! मध्ये तीन फुटांचा वाफा होईल. एकच हेज, दोघांची!"

बागकामाच्या हिशेबाने मी बरोबर होतो. आजही आहे.

मग धाकटा थेट शेठकडे बघून ओरडला, "दादा, हा आपली भिंत पाडाया सांगतो!"

"ऐकला मी! बघ त्याची हिंमत!" शेठ माझ्याकडे वळले. "तुला झाडं लावाया बोलावला का घर फोडाया?"

म्हातारीने डोळ्याला पदर लावला आणि दोन्ही मुलांना चहाला हाक मारली. धाकटा भिंतीवरून उडी मारून आला, माझ्या चार रोपांवर. चहाचे कप तीनच आले. मी रोपं टेम्पोत चढवत होतो.

आता दोन्ही वाफ्यांत फरशी आहे. लपवायचं काही उरलं नाही, मग हेज कशाला? गोडाऊन पार्कची झाडं धाकट्याच्या साडूने लावली. त्यातली निम्मी वाळली, हे मी मुद्दाम जाऊन बघून आलो.

हल्ली टेप काढण्याआधी मी विचारतो, "पलीकडे कोण राहतं?" सख्खा भाऊ म्हणाले, की हेज दाखवतच नाही. कुंड्या दाखवतो.