बेडरूममधले बाबासाहेब

लता मेश्राम मूळची नागपूरची. राहायला सिंगापुरात, बेडोकला, नोकरीला तिथल्याच वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत. कुठलं प्लास्टिक किती वर्षांनी तडकेल हे शोधणं तिचं काम, आणि त्यात तिला कोणी फसवू शकत नसे. घरच्या एका भिंतीच्या बाबतीत मात्र बाईने स्वतःलाच छान फसवून ठेवलं होतं.

तिच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी बुद्धाची मूर्ती होती. सिंगापुरात बुद्ध कुठेही असतो, हॉटेलात असतो, मसाजच्या दुकानात असतो, त्याला बघून कोणी काही विचारत नाही. बाबासाहेबांचा फोटो मात्र बेडरूममध्ये, कपाटाच्या आडोशाला. नवरा गणपत सुरुवातीला म्हणायचा, "आपल्या घरांत बाबासाहेब हॉलमध्ये असतात. आत काय त्यांना झोपायला ठेवलंय?" लताचं उत्तर तयार असे, घरमालकीण खिळा ठोकू देत नाही. शेवटी लेकीने, ऋचाने, एकदा आपल्या सिंगापुरी इंग्रजीत आईला उघडं पाडलं. "मम्मी, बेडरूममधला हुक पण चिकटवलेलाच आहे ना? हॉल ऑल्सो कॅन, लाह!" लताने तिला अभ्यासाला पिटाळलं.

खरं कारण होती मेधा. ती पुण्याची, लताच्याच ऑफिसच्या इमारतीत मॅनेजर, राहायला पासिर रिसच्या कॉन्डोत. संध्याकाळी दोघी एकाच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी येत. मुलांच्या परीक्षा, साहेबाची नक्कल, उद्याची भाजी, सगळं त्या प्रवासात होई. ताप आला तर हक्काने फोन करावा अशी लताला इथे ही एकच बाई होती. कॉलेजात असताना अशीच एक जिवाभावाची मैत्रीण लताच्या घरी आली होती. हॉलमधला फोटो बघून ती जरा सावरून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने एका डब्यात जेवणं बंद केलं. पुन्हा ते बघायची लताची तयारी नव्हती.

यंदा शहरातल्या एका छोट्या थिएटरने रविवारी दुपारी कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे सिनेमे दाखवायला घेतले. मेधाने दोघींची तिकिटं काढली. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पुण्याहून तिच्या सासूबाईंचा फोन हमखास यायचा. "ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर आलेय, आई," एवढं सांगून ती तो आटोपता घ्यायची. पहिला सिनेमा लग्नघरातल्या गोंधळाचा निघाला. हे सिनेमे म्हणजे नुसती रडारड असणार, ही मेधाची समजूत तिथेच निकालात निघाली. दोघी हसून हसून दमल्या.

तिसऱ्या रविवारचा सिनेमा एका तरुण अमेरिकन दिग्दर्शिकेचा होता. एक कृष्णवर्णीय कुटुंब घर विकायला काढतं. घराची किंमत ठरवणारा माणूस येणार असतो, म्हणून आई भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवते. आजोबा, लग्न, पोरांची शाळा, सगळे चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवते. घर कोणाचं हे कळलं की भाव पडतो. पडद्यावर कोणी रडत नाही. बाई नुसती ओल्या फडक्याने भिंतीवरचे डाग पुसत राहते.

 लताला त्या बाईचा राग आला, आणि थोड्या वेळाने कळलं की राग त्या बाईचा नव्हताच.

परतीच्या गाडीत मेधाचे डोळे लाल झाले होते. "आपल्याच घरात आपल्याच माणसांचे फोटो लपवायचे! काय भोगलंय गं या लोकांनी. आपल्याकडे निदान असं काही नाही."

 बेडोक आलं तशी लता उठली आणि म्हणाली, "तूही उतर. चहा घेऊन जा."

घरी कोणी नव्हतं. चहा ठेवण्याऐवजी लता सरळ बेडरूममध्ये गेली, फोटो हुकावरून काढला आणि हॉलमध्ये आणून बुद्धाशेजारी उभा केला.  मग ती मेधाच्या तोंडाकडे बघत राहिली, सावरून बसते का ते.

मेधा हलली नाही. "अगं," ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. तुझं आडनाव ऐकलं तेव्हा. तुला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून मी कधी विषय काढला नाही."

 इतकी वर्षं जिच्यापासून फोटो लपवला, तिला तो बंद दारातून दिसत होता. आणि ती तसं न दाखवण्याला सभ्यपणा समजत होती! लताला हसावं की रडावं कळेना. मग आतून संताप उसळून आला, आणि ऑफिसात कधी न बोललेली नागपूरची बोली तोंडात आली.

"मग मघाशी ते 'आपल्याकडे असं काही नाही' कोणाले सांगत होती तू? मले?"

 मेधा म्हणाली, "आपल्याकडे म्हणजे... तुला धरूनच म्हणाले गं."

"मी त्याच्यात नव्हती."

मेधा चहा न घेताच गेली. संध्याकाळी गणपत आला, हॉलमध्ये थबकला, फोटोकडे बघत राहिला आणि काही न विचारता नवा हुक आणायला खाली गेला.

आठवडाभर मेधा गाडीत दिसली नाही. उशिरापर्यंत काम आहे, असा मेसेज आला. लताला फार वाईट वाटलं. पण फोटो पुन्हा आत न्यावा असं एकदाही वाटलं नाही.

शेवटच्या रविवारी ती एकटीच थिएटरला गेली. मेधा आधीच येऊन बसली होती, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून. तिने पिशवी उचलली. लता बसली. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या, अजून त्यावर काहीच नव्हतं तरी.

मेधाचा फोन वाजला. पुण्याहून.

"सिनेमाला आलेय, आई. लताबरोबर. लता मेश्राम." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मेश्रामच." मग बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं. मेधाचा चेहरा लाल झाला. लताने मान खाली घातली.

"माहीत आहे, आई," मेधा म्हणाली. "सहा वर्षं माहीत आहे. तुम्हालाच सांगितलं नव्हतं."

थिएटरमधले दिवे मालवले आणि तिने फोन बंद केला.