चुकलेलं बटण

तपासणी केंद्रातल्या एसीच्या गारठ्यात माझ्या धाकट्या बहिणीने, सुमाने, स्वेटर घातला आणि वरचंच बटण चुकवलं. मग खालची सगळीच चुकत गेली. आईच्या कर्करोगाचं मूळ तिच्यातही उतरलं आहे का, याचा अहवाल आज मिळायचा होता. माझा साफ आला होता.

फाइल, पाणी, विचारायचे प्रश्न, सगळं मी पिशवीत नीट लावून आणलं होतं.

"ताई, माझं नशीबही यादीत लिहिलंयस का?" सुमा हसली. मला हसू आलं नाही.

ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. या चार रसायनांच्या क्रमातच शरीराला द्यायच्या सूचना लिहिलेल्या असतात, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. मधलं एखादं जरी गळलं, तरी पुढचं सगळं वाचन सरकतं. मी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा दोनदा मोजते. पण तिथे, शरीराच्या आत, जिथे कुणाचाच हात पोचत नाही, कोणी मोजून घेतलं असेल?

मी तिची बटणं सोडवायला लागले.

"राहू दे गं. एका बटणाने काय होतंय?"

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. सुमा उठली नाही.

"लाव आधी," ती म्हणाली. "वरपासून लाव."