मी विमानात का बसले नाही

इरा, नील, हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही — तुमच्या आजोबांजवळही नाही.

जग बुडणार, असं मी नेहमी म्हणते. आजही म्हणते. इथे सूसला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पाण्याच्या टँकरची रांग, आणि आत पोहण्याचा तलाव काठोकाठ. माणसं सकाळी पाइप लावून गाड्या धुतात आणि संध्याकाळी पाणीटंचाईवर मीटिंग घेतात. पेट्रोल संपेल, पाणी संपेल, मग ही शहाणी मंडळी लिफ्टमध्ये उभी राहून वीज यायची वाट बघतील. मला त्यांची कीव येत नाही. का यावी?

पण सांगायचं आहे ते वेगळंच.

नील, तू झालास तेव्हा तुझ्या आईने मला बोलावलं. तिचे टाके दुखत होते, अंगात ताप होता, बाबांना रजा नव्हती, आणि इरा, तू जेमतेम बोलायला लागली होतीस. मी काय केलं? फोनवर विमानाच्या इंधनावर व्याख्यान दिलं — मुद्देसूद, तेही इंग्रजीत. एका म्हातारीला समुद्रापार न्यायला केवढं तेल जळतं, वगैरे. वर विचारलं, या बुडत्या जगात दुसरं मूल आणलंसच कशाला?

ती म्हणाली, "आई, जग बुडेल तेव्हा बुडू दे. मला आत्ता कुणीतरी वरण-भात करून वाढायला हवंय गं."

"सवय कर," मी म्हणाले.

तेलाची काळजी? त्याच आठवड्यात मी मैत्रिणींबरोबर मुळशीला धरणाकाठच्या रिसॉर्टवर गेले — पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून. मला यायचं नव्हतं, एवढंच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणं, दुपटी धुणं, जागरणं — कंटाळा. त्या कंटाळ्यावर मी जगाचा अंत पांघरला. तलावात डुंबणारे ते लोक निदान खोटं तरी बोलत नाहीत.

तुमच्या आईला ते खरं वाटलं. आमची आई तत्त्वाची, असं ती अजून लोकांना सांगते.

आणि इरा, परवा तू फोन केलास. शाळेत पृथ्वीची काळजी घेणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं होतं, तू माझ्याबद्दल बोललीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मग तू विचारलंस, "आजी, तू म्हणूनच आली नव्हतीस ना?"

मी हो म्हणाले.