पाठीमागच्या टाचण्या

आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बावीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाच्या मापाने कपडे आवळायचे, सैल करायचे, हे रोजचं काम. दर सोमवारी काचेतल्या तीन पुतळ्यांना नवे कपडे चढवायचे. पुतळे इतके काटकुळे की काहीही घातलं तरी लोंबायचं. मग बाई जादा कापड पाठीमागे गोळा करून टाचण्या मारायच्या. समोरून वाटावं, अंगावरच शिवलंय. जाहिरातीचे फोटो काढायचे असले की तिथेही त्यांनाच बोलावणं. तिथे पुतळ्याच्या जागी जिवंत मुलगी, बाकी काम तेच. तिचं उरलंसुरलं पोट नंतर कॉम्प्युटरवर कापलं जायचं. बाईंना त्यात कधी वावगं वाटलं नाही. काम म्हणजे काम.

त्यांची मुलगी चौदा वर्षांची. एके दिवशी ती शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, महिनाभर तरी पोरीच्या पोटात धड अन्न गेलेलं नाही. डबा ती रोज मैत्रिणींना वाटून टाकत होती. बाईंनी घरी येऊन दप्तर उपसलं. एका वहीत दुकानाच्या जाहिरातीचं पान चिकटवलेलं होतं, निळ्या फ्रॉकचं. खाली पोरीच्या अक्षरात रोजचं कंबरेचं माप, आईच्याच टेपने घेतलेलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो फ्रॉक त्यांनीच टाचला होता. त्यांनी मुलीला सगळं सांगितलं, टाचण्या किती आणि कुठे कुठे, तेसुद्धा. मुलगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

त्या रागात मालक होता, फोटोवाला होता, पण सगळ्यात जास्त त्या स्वतःच होत्या.

सोमवारी त्यांनी पुतळ्यांना नेहमीसारखं सजवलं आणि तिघांची पाठ रस्त्याकडे केली. शाळेच्या वाटेवरच्या मुली थांबल्या. कोणी हसलं, कोणी काचेला नाक लावून टाचण्या मोजल्या. बाईंची मुलगीही त्यात होती. मालक धावत आले. गिऱ्हाईक काय म्हणेल, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गिऱ्हाइकालाच सांगतेय," बाई म्हणाल्या. "हा कपडा कोणालाच बसत नाही, मालक. तुमच्या पुतळ्यालाही नाही."

पुतळे फिरवा, असं मालक म्हणाले. तुम्हीच फिरवा, असं म्हणून बाईंनी आपली कात्री उचलली आणि बाहेर पडल्या. अर्ध्या तासात पुतळे पुन्हा सरळ झाले.

आता त्या घरीच शिवतात. लेक जेवते, पण ताटात काही ना काही टाकते, आणि आरशासमोर अजून पोट आत ओढून उभी राहते. ते पाहिलं की बाई मशीन असं दामटतात की दोरा तुटतो. परवा एक कॉलेजातली पोर ड्रेस घेऊन आली. दोन इंच आवळून द्या, तोवर मी बारीक होते, म्हणाली. बाईंनी तिला समोर उभं केलं.

"श्वास सोड," त्या म्हणाल्या. "पूर्ण सोड. मग माप घेते."