दहा बाय दहाच्या खोलीतले स्पीकर

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरातले सगळे म्हणतात. एखादी वस्तू नीट चालत नसली की मला चैन पडत नाही, आणि घरातलं माणूस गप्प गप्प राहू लागलं तर त्याहून नाही. गेल्या वर्षी ही दोन्ही दुखणी एकाच खोलीत भेटली.

आई गेल्यावर वडिलांना मी नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. देवळाली कॅम्पच्या पलीकडे, लष्कराच्या तोफांच्या रेंजजवळ आमचं गाव. तिथे त्यांनी जन्मभर मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवला. अलीकडे त्यांना कमी ऐकू येई. कानाचं यंत्र आणलं, तर "त्यात भांडी आपटतात" म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. पावसाळा सरत आला तसं त्यांनी जाहीर केलं, "दसरा झाला का मी गावाकडं जातो. इथं मला काय करमत नाय."

गावाकडे घराला कुलूप होतं. रात्री पाय घसरून पडले तर उचलायलाही कोणी नव्हतं. त्यांना कशानं करमेल याचा मी विचार करू लागलो, आणि मला गावातल्या देवळातलं कीर्तन आठवलं. ते कधी चुकवत नसत. फोनवर कीर्तनं ढिगानं मिळतात; फक्त आवाज चांगला हवा. मी थेट स्पीकरच्या दुकानात गेलो.

पितृपक्ष लागला होता. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी नवी वस्तू घेत नाही, त्यामुळे दुकानदार माशा मारत बसला होता. तो म्हणाला, "घरी न्या, ऐकून बघा. पसंत पडले तर घटस्थापनेला घ्या." मी सगळ्यात मोठी जोडी उचलली. कान अधू, तर स्पीकर दांडगा, असं माझं सरळ गणित.

वडिलांची खोली दहा बाय दहा. खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, एक खिडकी, एक पलंग. कमरेइतके उंच ते दोन खांब कोपऱ्यांत उभे केल्यावर जेमतेम चालण्यापुरती वाट उरली. कीर्तन लावलं. मृदंगावर थाप पडली आणि कपाटाचं दार थरथरायला लागलं. बुवा काय म्हणतात ते मलाच कळेना.

वडील म्हणाले, "आरं, हे कीर्तन हाय का रेंजवरचा गोळीबार?"

मी तिरमिरीत परत दुकानात. दुकानदार हसला. "लहान खोलीत मोठा स्पीकर म्हणजे हंडाभर पाणी तांब्यात ओतणं. छोटे न्या, आणि भिंतीपासून जरा पुढे ठेवा." छोटे आणले, पोळ्यांच्या डब्याएवढे. गडगडाट गेला, पण शब्द काही सुटे होईनात. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येई. मी ते स्टुलावर ठेवले, शिलाई मशीनवर ठेवले, खिडकीत ठेवले, खाली उशी घातली. ऑफिसला जाताना हलवायचो, आल्यावर चप्पल न काढता पुन्हा हलवायचो. वडील पलंगावर बसून माझ्याकडे बघत राहायचे.

"आवाज येतो रे," ते म्हणाले, "पण शब्द नाय येत."

बायको दारातून म्हणाली, "अहो, एक तर स्पीकर एका जागी राहू द्या, नाहीतर तुम्ही तरी एका जागी बसा!"

तिला माझ्या उद्योगांकडे बघायलाही वेळ नव्हता. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, असा आमच्याकडचा नेम. पडदे, सतरंजी, चादरी, आईनं शिवलेल्या जाड गोधड्या, सगळं तिनं त्या आठवड्यात वडिलांच्या खोलीतून काढून गच्चीवर नेलं होतं. खोली अगदी उघडीबोडकी झाली होती, आणि मी शहाणा तिच्यात स्पीकरची परीक्षा घेत होतो. हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. बायकोनं घाईघाईनं गोधड्या खाली आणल्या. दोन पलंगावर टाकल्या, दोन कपाटाच्या दारांवर, आणि ज्यांत थोडी ओल राहिली होती त्या खोलीतल्या दोरीवर भिंतीलगत पसरल्या. पडदे लावले, सतरंजी अंथरली. मी शेवटचं म्हणून कीर्तन लावलं. उद्या हेही परत करायचे असं मी ठरवूनच टाकलं होतं.

बुवांनी सासू-सुनेचा एक किस्सा सांगितला. मला तो अर्धा कळायच्या आत वडील खो खो हसले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. स्पीकर तेच, जागा तीच, आणि शब्द मात्र निवडलेल्या तांदळासारखे सुटे. एरवी कपाटात घडी होऊन पडलेल्या गोधड्या आज दारांवर आणि भिंतीलगत पसरल्या होत्या, आणि खोलीत घुमणारा आवाज त्यांनी पिऊन टाकला होता. मला इतका आनंद झाला की मी उठून आवाज आणखी वाढवायला गेलो.

"राहू दे," वडील म्हणाले. "बंद कर ते."

"का? आता तर नीट ऐकू येतंय ना?"

"येतंय. म्हणून तर म्हणतो, बंद कर. आता तू बोल."

"काय बोलू?"

"काही बी बोल. इथं आल्यापासून नुसतं तुझं तोंड हलताना दिसतंय. तू बोलतो, सूनबाई बोलती, आन् ह्या खोलीत सगळा गलकाच होतो. मी आपला मान डोलावतो."

इतके महिने मी त्यांना जेवलात का, गोळी घेतली का, असं जाता-येता विचारत होतो, आणि मान हलली की पुढे निघून जात होतो. मी कीर्तन बंद केलं आणि पलंगाच्या कडेला, गोधडीवर बसलो. मग एवढंच म्हणालो, तेही हळू, "बाबा, गावाला जाऊ नका."

"बरं," ते म्हणाले. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.